पु. ल. देशपांडे आणि कंपवात

पुलंचे नाव घेतले की हसू येते. खाडी ओलांडून ठाण्याला गडकरी रंगायतनात त्यांचे नाटक पाहून आलेल्या कितीतरी जणी आपल्या मंडळात आहेत. पण या हसवणाऱ्या माणसाच्या अखेरच्या आजाराविषयी आपण फारसे बोलत नाही. तो आजार आता कळव्यातही घरोघरी ऐकू येतो, म्हणून हे चार शब्द.

पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१९ चा, मुंबईचा. बालपण पार्ल्यात गेले. १२ जून १९४६ रोजी रत्नागिरीच्या सुनीता ठाकूर यांच्याशी त्यांचा नोंदणी विवाह झाला. 'तुझे आहे तुजपाशी', 'व्यक्ती आणि वल्ली' ही नावे आपणां सर्वांना पाठ आहेत. 'बटाट्याची चाळ' तर ते एकटेच रंगमंचावर उभी करीत. अख्ख्या चाळीची माणसे एका चेहऱ्यात आणि एका आवाजात! शिवाय पेटीवर बोटे फिरत ती निराळीच.

अशा माणसाला उतारवयात कंपवात जडला. डॉक्टर त्याला पार्किन्सन म्हणतात. लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली त्याचे वर्णन लिहिले, म्हणून ते नाव. मेंदूत डोपामिन नावाचे द्रव्य तयार करणाऱ्या पेशी हळूहळू मरतात आणि शरीराच्या हालचाली अडखळू लागतात. हात स्वस्थ असतानाच थरथरतो, पण थरथर सर्वांनाच होते असे नाही. अंग ताठरते, पाऊल घासत पडते, अक्षर बारीक होते, आवाज खाली जातो. चेहऱ्यावरचे भाव गोठतात, आणि घरच्यांना वाटते माणूस रुसला. सुनेने चहा दिला तरी सासरे हसत नाहीत, याचे कारण पुष्कळदा एवढेच असते. सदऱ्याची बटणे लावायला अर्धा तास लागला तर तो आळस नव्हे. चेहरा, आवाज आणि बोटे हीच ज्यांची पुंजी, त्यांच्या वाट्याला नेमका हाच आजार यावा, हे मला फार क्रूर वाटते.

आजार मुळातून बरा होत नाही, पण औषधांनी हालचाल सुधारते. गोळ्यांची वेळ मात्र चुकवू नये, आणि मनाने तर त्या मुळीच बंद करू नयेत. डाळ-दुधाच्या जेवणाबरोबर घेतल्यास लेव्होडोपाची गोळी काहींना कमी लागू पडते, म्हणून वेळ डॉक्टरांना विचारूनच ठरवावी. खाजकुहिलीच्या बियांत हेच द्रव्य असते. तरी ऐकीव माहितीवर घरी चूर्ण देऊ नये, मात्रा कमीजास्त होते.

१९९६ साली पुलंना पहिला महाराष्ट्र भूषण पुरस्कार मिळाला. तेव्हा प्रकृती साथ देत नव्हती, म्हणून त्यांचे भाषण सुनीताबाईंनी वाचून दाखवले. पूर्वी 'वाऱ्यावरची वरात'मध्ये त्या नवऱ्याबरोबर रंगमंचावर उभ्या राहिल्या होत्या, आता त्यांचा आवाज झाल्या. रोग्याच्या नावाने सगळे हळहळतात, शुश्रूषा करणारीला झोप मिळाली का हे कोणी विचारत नाही. शेजारणीने दुपारी तासभर जाऊन बसले तरी तिची पाठ टेकते.

पुलं १२ जून २००० रोजी पुण्यात गेले. त्या दिवशी त्यांच्या लग्नाला चौपन्न वर्षे पूर्ण झाली होती. सुनीताबाई ७ नोव्हेंबर २००९ ला गेल्या. दुसऱ्या दिवशी पुलंचा वाढदिवस होता.