विश्लेषण : थोरल्या बाजीरावांनी पालखेडला तोफांशिवाय निजामाला कसे नमवले?

पुण्यात शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजासमोर थोरल्या बाजीराव पेशव्यांचा अश्वारूढ पुतळा आहे. घोडदळाचा वेग हेच या सेनापतीचे मुख्य शस्त्र होते. त्याचा मोठा कस लागला तो मराठवाड्यात.

पेशवेपद कसे मिळाले?

बाजीरावांचा जन्म १८ ऑगस्ट १७०० चा. वडील बाळाजी विश्वनाथ हे छत्रपती शाहू महाराजांचे पेशवे. १७२० मध्ये त्यांच्या निधनानंतर शाहूंनी पेशवाईची वस्त्रे बाजीरावांना दिली. तेव्हा त्यांचे वय अवघे १९ होते. दरबारातील काही जुन्या मंडळींना ही निवड रुचली नव्हती.

निजामाशी संघर्ष का झाला?

दख्खनच्या चौथाई-सरदेशमुखीवरील शाहूंचा हक्क मोगल बादशहाने १७१९ मध्ये मान्य केला होता. निजामाने कोल्हापूरच्या संभाजीराजांचा दावा पुढे करून वसुली अडवली. १७२७ च्या पावसाळ्यानंतर बाजीराव निघाले. परभणीच्या शेजारच्या जालना भागात त्यांनी निजामाचा मुलूख लुटला, बुऱ्हाणपूरला धाक दाखवला आणि ते गुजरातेत उतरले. इकडे निजामाने पुणे घेतले. तरीही बाजीराव पुण्याकडे वळले नाहीत. ते थेट औरंगाबादच्या रोखाने आले. आपले मुख्य ठाणे धोक्यात पाहून निजामाला पुणे सोडून परतावे लागले.

पालखेडला काय घडले?

वेगाने परतण्यासाठी निजामाने जड तोफा मागे ठेवल्या. मराठा स्वारांकडे अवजड सामान नव्हतेच. फेब्रुवारी १७२८ च्या अखेरीस वैजापूरजवळ पालखेडला त्यांनी निजामाची फौज कोंडली. पाणी आणि दाणावैरण तोडली. मोठी लढाई न होताच निजाम तहाला तयार झाला. ६ मार्च १७२८ रोजी मुंगी-शेवगावचा तह होऊन शाहूंचा हक्क मान्य झाला. मुंगी गोदाकाठी आहे. हीच गोदावरी पुढे परभणी जिल्ह्यातून वाहते. ब्रिटिश फील्ड मार्शल माँटगोमेरी यांनी युद्धाच्या इतिहासावरील ग्रंथात या मोहिमेची खास दखल घेतली आहे.

यशाची किंमत काय होती?

मार्च १७३७ मध्ये बाजीराव दिल्लीपाशी धडकले, त्याच वर्षाच्या अखेरीस भोपाळला त्यांनी निजामाला पुन्हा कोंडले. पण मोहिमांच्या खर्चाने डोक्यावरचे कर्ज कधी उतरले नाही. घरात मस्तानीचा स्वीकार झाला नाही. बाजीराव अखेरच्या मोहिमेवर असताना ती पुण्यात कैदेत होती.

१७४० च्या सुरुवातीला निजामाचा मुलगा नासिरजंग याच्याशी गोदावरी खोऱ्यात लढाई झाली. तहात खरगोण-हंडियाचा प्रदेश मिळाला. त्याच्या व्यवस्थेसाठी गेलेले बाजीराव तिथेच तापाने आजारी पडले आणि २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदाकाठी रावेरखेडी येथे छावणीत त्यांचे निधन झाले. तेव्हा ते ३९ वर्षांचे होते. त्यांची समाधी तिथेच आहे.