चित्रात नसलेले चिलखत

शिवछत्रपतींचे चित्र नाही असे घर आपल्याकडे विरळाच. पण त्यांच्या काळाच्या आसपास काढलेली अस्सल चित्रे फार थोडी. एक ॲमस्टरडॅमच्या राइक्स म्युझियममध्ये आहे. मीर महंमदाने काढलेले अश्वारूढ चित्र पॅरिसला आहे. १९३३ साली इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी अस्सल चित्र उजेडात आणले. त्यापूर्वी भलत्याच एका सरदाराचे चित्र महाराजांचे म्हणून खपत होते!

ही चित्रे छापलेली मी अनेकदा न्याहाळली. टोकदार दाढी, धारदार नाक, अंगात जामा. चिलखत मात्र नाही. त्याच शतकात युरोपातले कित्येक उमराव चिलखत चढवून चित्रकारापुढे बसत. आमच्या राजाने ते चढवले, पण चित्रासाठी नव्हे.

१६३० साली शिवनेरीवर जन्मलेल्या महाराजांनी १६५९ मध्ये प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखानाची भेट घेतली, तेव्हा अंगरख्याखाली चिलखत होते. त्यानेच खानाचा वार निभावला. ही कथा शाळेपासून आपल्याला पाठ आहे. दुसरी कथा मात्र आपल्याच जिल्ह्यातली असून आपल्याला ठाऊक नसते.

ऑक्टोबर १६७० मध्ये सुरत दुसऱ्यांदा लुटून महाराज बागलाणातून परतत होते. त्यांना अडवायला दाऊदखान कुरेशी बुऱ्हाणपुराहून चांदवडला आला आणि रातोरात पुढे निघाला. १७ तारखेला वणी-दिंडोरीच्या मुलखात गाठ पडली. महाराजांनी लुटीची जनावरे पुढे काढून दिली. सभासदाची बखर सांगते की, ते स्वतः बख्तर घालून, हाती पटे चढवून घोड्यावर बसले आणि शत्रूला सामोरे गेले. मोगलांच्या आघाडीचा इखलासखान घायाळ झाला. लूट सुखरूप गेली. पुढे १६७२ मध्ये साल्हेरची लढाई जिंकली, १६७४ मध्ये राज्याभिषेक झाला आणि ३ एप्रिल १६८० रोजी रायगडावर हे आयुष्य संपले.

मला वाटते, राजाची पारख सिंहासनावर होत नाही. खजिना पुढे धाडून तो मागे कोठे उभा राहतो, यावर होते. दिंडोरी-वणीकडून रोज एस.टी.ने कॉलेजला येणाऱ्या मित्रांनो, ते चित्र कोणी रंगवले नाही. पण त्याची जमीन तुमच्या वाटेवर आहे.