ऑली वॉल्श : गोलपाशी उभा राहिलेला माणूस

गोलरक्षकाचे एक दुःख असते. त्याने अडवलेले चेंडू कुणाच्या लक्षात राहत नाहीत. सुटलेल्या एका चेंडूची मात्र वर्षभर आठवण करून दिली जाते. आमच्या कॉलेजच्या हॉकी संघात गोल सांभाळताना हे मी जाणतो. म्हणूनच आयर्लंडच्या ऑली वॉल्शचे चरित्र मला फार जवळचे वाटते.

त्याचा खेळ हर्लिंग. हा आपल्या हॉकीचा दूरचा भाऊबंद म्हणता येईल. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खेळाडू. हाती लाकडी काठी. चेंडू जमिनीवरून तसाच हवेतूनही टोलवायचा. आडव्या दांडीवरून चेंडू गेला तर एक गुण, खालून जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे तीन गुण. सारे खेळाडू हौशी. खेळायचे ते आपल्या जिल्ह्याच्या अभिमानापोटी. ऑलीच्या काळी शिरस्त्राणाची सक्ती नव्हती आणि आघाडीचे खेळाडू गोलरक्षकाच्या अंगावर खुशाल धावून जात.

ऑलीचा जन्म १९३७ साली किल्केनी जिल्ह्यातील थॉमसटाउन येथे झाला. १९५७ मध्ये, अवघ्या विसाव्या वर्षी, तो डब्लिनच्या क्रोक पार्कवर अखिल आयर्लंड अंतिम सामन्यात उभा राहिला. शेजारच्या वॉटरफर्डवर किल्केनीने केवळ एका गुणाने मात केली. दोनच वर्षांनी तेच दोन संघ पुन्हा समोरासमोर आले. वॉटरफर्डचा गोल होता होईना. अगदी अखेरच्या क्षणांत त्यांचा एक फटका किल्केनीच्याच खेळाडूला लागून जाळ्यात गेला आणि सामना बरोबरीत सुटला. फेरसामन्यात किल्केनी हरली.

१९६३ चा अंतिम सामना तर विलक्षणच. वॉटरफर्डने ऑलीवर सहा गोल चढवले! एखादा गोलरक्षक मनाने तिथेच खचला असता. पण एडी केहरने एकट्याने १४ गुण मिळवले आणि किल्केनी २९ विरुद्ध २६ अशी जिंकली. सहा वेळा जाळ्यातून चेंडू काढून पुन्हा मैदानाकडे तोंड करून उभे राहणे, याला काय म्हणावे? मला तरी यात त्याच्या नेत्रदीपक झेपांपेक्षा अधिक मोठेपण दिसते.

१९६४ मध्ये टिपररीकडून आणि १९६६ मध्ये कॉर्ककडून पराभव पदरी आला. टिपररीला अंतिम सामन्यात हरवणे किल्केनीला १९२२ पासून साधले नव्हते. ते १९६७ मध्ये साधले आणि त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट हर्लिंगपटू म्हणून ऑलीचीच निवड झाली. १९६९ मध्ये कॉर्कला नमवून त्याने चौथे अजिंक्यपद मिळवले.

पुढे तो किल्केनीचा मार्गदर्शक झाला. त्याच्या संघाने १९९२ आणि १९९३ अशी लागोपाठ दोन वर्षे अजिंक्यपद पटकावले. गोलपाशी होता त्याचाच मुलगा मायकेल. स्वतः पेललेले ओझे मुलाच्या खांद्यावर बघताना बापाला काय वाटले असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

१९९६ मध्ये, साठी गाठण्यापूर्वीच, ऑलीचे निधन झाले. चार अजिंक्यपदे ही त्याची कमाई खरीच. पण किती गोल झाले याच्या हिशेबात न अडकता पुढच्या चेंडूसाठी सज्ज राहायचे, ही त्याच्या आयुष्याची शिकवण मला त्याहून मोलाची वाटते. खेळ कोणताही असो, ती सर्वांच्याच उपयोगी पडावी.