विषारी वायू स्वतः हुंगणारा डॉक्टर

थंडी पडली की निजामपुऱ्यातून आणि भिवंडीच्या गोदामांतून माल घेऊन उत्तरेकडे निघालेले चालक रात्री धाब्याजवळ गाडी लावून झोपतात. काचा बंद, इंजिन सुरू, हीटर चालू. हीटरची ऊब इंजिनाच्या गरम पाण्यातून येते, धुरातून नव्हे. पण धुराची नळी कुठे गळत असेल किंवा गाडी बंद गॅरेजात उभी असेल, तर कार्बन मोनॉक्साइड आत शिरतो. त्याला रंग नाही, वासही नाही. हा वायू माणसाला कसा मारतो, हे उलगडण्यात मोठा वाटा जॉन स्कॉट हॉल्डेन या डॉक्टरचा.

जन्म १८६०चा, एडिनबरोचा. १८८४ मध्ये तिथेच वैद्यकीची पदवी घेतली. पण दवाखान्यापेक्षा त्याला हवेचे कुतूहल जास्त. डंडी शहरातल्या दाटीवाटीच्या घरांत रात्री जाऊन तो हवेचे नमुने घेई. पुढे ऑक्सफर्डला त्याने कार्बन मोनॉक्साइडचे प्रयोग थेट स्वतःवर केले. वायू हुंगायचा, रक्त काढायचे, तपासायचे. निम्म्याहून अधिक हिमोग्लोबिन वायूने व्यापले आणि चालणे कठीण झाले, तेव्हाच तो थांबला. आजची कोणतीही नैतिकता समिती याला परवानगी देणार नाही, आणि ते बरेच आहे!

हिमोग्लोबिनला या वायूची ओढ प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त. म्हणून हवेत तो अगदी थोडा असला तरी रक्तात साठत जातो. जानेवारी १८९६ मध्ये वेल्समधल्या टायलर्सटाउनच्या कोळसा खाणीत स्फोट झाला. हॉल्डेनने मृतदेह तपासले. अनेकांच्या त्वचेवर गुलाबी छटा होती. बहुतेक खाणकामगार स्फोटाने नव्हे, तर नंतरच्या वायूने गेले होते. छोट्या प्राण्याचा श्वास जलद, त्यामुळे तो माणसाच्या आधी कोलमडतो. म्हणून खाणीत उंदीर किंवा छोटा पक्षी न्यावा, असे त्याने सुचवले. ब्रिटनच्या खाणींत कॅनरी पक्षी १९८६ पर्यंत होते.

जास्त दाबाचा प्राणवायू दिल्यास या वायूतही उंदीर तगतात, हेही त्यानेच दाखवले. पाणबुड्यांनी वर येताना टप्प्याटप्प्याने थांबावे, हे १९०८चे तक्ते त्याचेच. पहिल्या महायुद्धात विषारी वायूपासून सैनिकांना वाचवण्याच्या कामातही तो होता. पंचाहत्तरीत उष्माघाताचा अभ्यास करायला इराणच्या तेलक्षेत्रात गेला, परतल्यावर न्यूमोनियाने मार्च १९३६ मध्ये वारला. त्याचा मुलगा जे. बी. एस. हॉल्डेन पुढे भारतात स्थायिक झाला आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला निवर्तला.

एक गोष्ट मात्र आमच्या वॉर्डातली. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर या वायूने भरलेले हिमोग्लोबिनही प्राणवायूचे समजते आणि आकडा ९८ दाखवते. डोके दुखत असेल, मळमळत असेल, तोल जात असेल, आणि रात्र चालू इंजिनाच्या केबिनमध्ये किंवा शेगडी पेटवलेल्या खोलीत गेली असेल, तर आधी दार उघडून मोकळ्या हवेत या. दवाखान्यात पोचल्यावर ही रात्रीची हकिगत डॉक्टरांना पहिल्यांदा सांगा. मग रक्ताची वेगळी तपासणी करता येते आणि त्या निकालाची वाट न पाहता मास्कने शुद्ध प्राणवायू सुरू होतो.