बिदरचा वजीर, गोव्याची मोहीम आणि टेबलावरचा सह्याद्री

दिवाळीच्या सुटीत अंगणात मातीचा किल्ला बांधण्याची परंपरा मराठी घरांना नवी नाही. दगडविटांचा ढिगारा, त्यावर कालवलेली माती, उतारावर पेरलेले हळीव किंवा मोहरी आणि बुरुजांवर उभे केलेले रंगीत मावळे एवढ्या सामग्रीतून मुलांना इतिहासाची पहिली ओळख होते. याच छंदाचे प्रौढ रूप म्हणजे पटावरची युद्धे. प्रशियाच्या सैन्यात १८२४ मध्ये अशा खेळाचे नियम अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी स्वीकारले गेले. इंग्रज कादंबरीकार एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहून तो खेळ घराघरांत नेला. आज या छंदाचे मंडळी बोटाच्या पेराएवढे सैनिक रंगवतात, थर्माकोलचे थर कापून डोंगर उभारतात आणि जुनी मोहीम पुन्हा मांडून पाहतात.

दख्खनच्या इतिहासातील कोणती मोहीम अशा टेबलावर मांडावी, असा प्रश्न आला तर गोमंतकीय वाचकाला एक नाव सुचवता येईल. ते म्हणजे बहमनी राज्याचा वजीर ख्वाजा महमूद गावान. त्याची कर्मभूमी बिदर, म्हणजे आजच्या कर्नाटकाचा मराठी-कन्नड सीमाभाग. त्याच्या कर्तृत्वाचे टोक मात्र गोव्याच्या बंदरात होते. त्याच्या आयुष्यात भूगोलाला एवढे महत्त्व होते, की ते समजून घेण्यासाठी डोंगर, दरी, जंगल आणि खाडी समोर मांडलेली बरी.

महमूदचा जन्म इराणच्या उत्तरेला, कास्पियन समुद्राकाठच्या गिलान प्रांतात १४११ च्या सुमारास झाला. घराणे तिथल्या राजदरबारात मानाचे होते. पण दरबारी वैराची झळ लागल्याने त्याने देश सोडला. व्यापार करीत, विद्वानांच्या सहवासात राहत तो हिंडला आणि १४५३ मध्ये कोकणातील दाभोळ बंदरात उतरला. तेव्हा तो चाळिशी ओलांडलेला होता. बिदरमधील सूफी संत शाह मुहिबुल्ला यांचे दर्शन घ्यावे, माल विकावा आणि पुढे जावे, असा त्याचा बेत होता. सुलतान दुसरा अलाउद्दीन अहमद याने त्याला ठेवून घेतले आणि व्यापारी मुत्सद्दी झाला.

बिदरची प्रतिकृती करू पाहणाऱ्याने प्रथम लाल रंग कालवावा. हे शहर जांभ्या दगडाच्या पठाराच्या कडेवर वसले आहे. गोव्यात ज्याचे चिरे काढून घरे बांधतात, तोच हा दगड. अहमदशाह वलीने गुलबर्ग्याहून, म्हणजे आजच्या कलबुर्गीहून, राजधानी इथे आणली आणि किल्ल्याभोवती जांभा कोरून तिहेरी खंदक केला. खंदकांच्या मधल्या भिंती बांधलेल्या नाहीत. मूळ खडकच तसा राखलेला आहे. थर्माकोलवर वाळू आणि फेव्हिकॉलचा लेप द्यावा, त्यावर विटकरी रंग चढवावा, खाचांत पातळ काळसर रंग सोडावा आणि शेवटी जवळजवळ कोरड्या कुंचल्याने कडांवर फिकट नारिंगी फिरवावी, म्हणजे त्या खडकाचा खडबडीतपणा डोळ्यांना जाणवू लागतो.

या तटांच्या आत मात्र दोन तट पडलेले होते. एका बाजूला दख्खनी अमीर, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या इथे रुजलेले मुसलमान, धर्मांतरित स्थानिक आणि त्यांच्या बाजूचे हबशी. दुसऱ्या बाजूला आफाकी, म्हणजे इराण, तुर्कस्तान, अरबस्तान येथून आलेले परदेशी. महमूद जन्माने आफाकी होता. तरीही दोन्ही पक्षांना पदे वाटून तोल सांभाळण्याचे धोरण त्याने कायम ठेवले.

तेलंगणातील बंड मोडून त्याने आपले सैनिकी गुण दाखवले. पुढे सुलतान हुमायूनने त्याला मलिक-उत्‌-तुज्जार, म्हणजे व्यापाऱ्यांचा प्रमुख, ही पदवी दिली. १४६१ मध्ये हुमायून वारला आणि आठ वर्षांचा निजामशाह गादीवर आला. राजमाता, ख्वाजा जहान तुर्क आणि महमूद गावान या तिघांनी राज्य चालवले. माळव्याचा सुलतान बिदरपर्यंत चालून आला, तेव्हा महमूदने गुजरातच्या सुलतानाची मदत मिळवून राजधानी वाचवली. निजामशाह अल्पवयातच गेला. १४६३ मध्ये धाकटा भाऊ तिसरा मुहम्मद गादीवर आला. १४६६ मध्ये ख्वाजा जहान तुर्काचा वध झाला आणि त्यानंतर पंधरा वर्षे राज्याची सूत्रे महमूदच्या हाती राहिली.

आता कोकणच्या मोहिमेकडे वळू. खेळण्याचा किल्ला, म्हणजे आजचा विशाळगड, आणि संगमेश्वर येथील स्थानिक राजे घाटमाथ्यापासून किनाऱ्यापर्यंत बळकट होते. त्यांची जहाजे आपल्या व्यापारी गलबतांना उपद्रव देतात, अशी बहमनी दरबाराची तक्रार होती. महमूदच्या आधी मलिक-उत्‌-तुज्जार ही पदवी असलेला खलफ हसन मोठी फौज घेऊन या डोंगरांत शिरला होता. शिर्के सरदाराने त्याला घनदाट रानात नेले आणि तिथे त्या फौजेचा जवळजवळ संहार झाला. पठारावर अजिंक्य ठरणारे घोडदळ सह्याद्रीच्या झाडीत निरुपयोगी ठरले.

टेबलावर सह्याद्री मांडणाऱ्याला हे लगेच कळते. पठाराची बाजू सपाट ठेवली, कडा एकदम खाली उतरवली आणि रंगवलेल्या लाकडी भुशाचे दाट जंगल चिकटवले, की घोडेस्वारांच्या चकत्या उभ्या करायला जागाच उरत नाही. एकेक घोडा वाटेने सरकवावा लागतो. नियमांच्या पुस्तकात जंगलात चाल निम्मी, असे एक वाक्य असते. त्या वाक्यात खलफ हसनची सगळी शोकांतिका सामावलेली आहे.

महमूदने ही चूक टाळली. १४६९ मध्ये तो निघाला आणि कोल्हापूरला तळ दिला. जंगल तोडत, जाळत वाट मोकळी करायची, पावसाळ्यात माघारी येऊन तळावर थांबायचे, आणि उघाड पडताच पुन्हा पुढे सरकायचे, असा त्याचा क्रम होता. घाई त्याने केली नाही. रांगणा पडला, खेळणा हाती आला, संगमेश्वरच्या राजाने शरणागती पत्करली. बळाइतकाच पैसा आणि वाटाघाटी यांचाही त्याने उपयोग केला. इथल्या लोकांच्या दृष्टीने तो अर्थातच आक्रमक होता. ज्यांची राने जळाली आणि ठाणी गेली, त्यांनी लिहिलेला वृत्तांत आपल्यापर्यंत आलेला नाही. उपलब्ध हकिकती फारसी आहेत आणि त्यांतील काही तर खुद्द महमूदच्या पत्रांतून आलेल्या आहेत. ‘रियाज-उल्‌-इन्शा’ या त्याच्या पत्रसंग्रहात या मोहिमेचे वर्णन सापडते.

यानंतर गोवा. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात विजयनगरच्या माधव मंत्र्याने बहमनींकडून हे बंदर घेतले होते. तेव्हापासून अरबी आणि इराणी घोडे इथे उतरत आणि घाट चढून विजयनगरला जात. दख्खनमध्ये चांगली घोड्यांची पैदास होत नसल्याने गोवा ज्याच्या हाती, त्याचे घोडदळ ताजे. महमूदने समुद्रातून आणि जमिनीवरून एकाच वेळी चाल केली आणि १ फेब्रुवारी १४७२ रोजी गोवा बहमनी राज्यात आला. मोठी लढाई झालीच नाही. ज्याला पटावर केवळ चकमकी हव्यात, तो इथे निराश होईल. परंतु मोहिमेचे खरे यश पुष्कळदा असेच असते. तीन वर्षे वाट तयार केल्यावर शेवटचा दरवाजा ढकलावा लागला नाही.

विजेता वजीर बिदरला परतला तेव्हा सुलतान आठवडाभर त्याच्या घरी पाहुणा राहिला. इतिहासकार फिरिश्ता सांगतो, की हा मान मिळाल्यावर महमूद एका खोलीत जाऊन रडला, उंची वस्त्रे उतरवली आणि आपली संपत्ती विद्वानांना व गरजूंना वाटून टाकली. हत्ती, घोडे आणि ग्रंथ तेवढे मागे ठेवले. पुढच्याच काळात गोवा परत घेण्याचा प्रयत्न करणाऱ्या बेळगावच्या राजावर सुलतान आणि महमूद दोघे चालून गेले. तिथे तटाखाली सुरुंग भरून भिंत उडवण्यात आली. दख्खनमधील वेढ्यांत दारूच्या सुरुंगांचा हा सुरुवातीच्या काळातील उल्लेखनीय प्रयोग मानला जातो.

गोवा जिंकला त्याच सुमारास बिदरमध्ये महमूदचा मदरसा पूर्ण झाला. तीन मजले, विद्यार्थ्यांसाठी आणि अध्यापकांसाठी खोल्या, प्रार्थनागृह, तीन हजार हस्तलिखितांचे ग्रंथालय आणि दर्शनी भागावर निळ्या, पांढऱ्या, पिवळ्या चकचकीत फरशांचे नक्षीकाम अशी ही वास्तू होती. इमारतीची लांबी २०५ फूट आणि रुंदी १८० फूट. दोन मिनारांपैकी एक आज उभा आहे. औरंगजेबाच्या काळात इथे दारूगोळा ठेवला होता. त्याचा स्फोट होऊन पुढचा बराच भाग कोसळला. ज्ञानासाठी बांधलेले घर दारूने फुटले. प्रतिकृती करणाऱ्यापुढे मग प्रश्न येतो, की अखंड मदरसा करावा की आजचा भंगलेला. त्या फरशांची नागमोडी नक्षी नखाएवढ्या जागेत रंगवताना सर्वांत बारीक कुंचलाही जाड वाटू लागतो.

त्याच वर्षांत रशियन प्रवासी अफनासी निकितीन बिदरमध्ये होता. उमरावांचे ऐश्वर्य आणि खेड्यातील लोकांची हलाखी, या दोन्हींची नोंद त्याने केली आहे. महमूदने राज्यकारभारात जे बदल केले, त्यांमागे ही विषमता होतीच. अमीरांची मुजोरी हेही कारण होते. चार मोठे प्रांत मोडून त्याने आठ केले. प्रत्येक सुभेदाराकडे एकच किल्ला ठेवून बाकीच्या किल्ल्यांवर सुलतानाचे किल्लेदार नेमले. काही महाल थेट सरकारी खजिन्याकडे घेतले, जमिनीची मोजणी सुरू केली, आणि जेवढे सैनिक प्रत्यक्ष हजर तेवढाच पगार, असा दंडक घातला. कागदावर फौज दाखवून पैसे खाणाऱ्यांना तो फार झोंबला.

दख्खनी पक्षाचा पुढारी मलिक हसन निजाम-उल्‌-मुल्क बहरी याने कट रचला. वजिराचा शिक्का सांभाळणाऱ्या हबशी नोकराला फितवून, मद्य पाजून, एका कोऱ्या कागदावर शिक्का उमटवून घेतला. मग त्या कागदावर ओरिसाच्या राजाला स्वारीचे आमंत्रण देणारे पत्र लिहिले आणि ते सुलतानापुढे ठेवले. सुलतान त्या वेळी पूर्वेकडील मोहिमेच्या छावणीत आणि मद्याच्या अमलाखाली होता. महमूदला बोलावणे आले. मित्रांनी जाऊ नये असे सुचवले, तो गेला. शिक्का आपला, मजकूर आपला नाही, हे त्याचे म्हणणे कोणी तपासले नाही. ५ एप्रिल १४८१ रोजी सत्तरी गाठलेल्या त्या वृद्धाचा वध झाला.

अफाट खजिना सापडेल या आशेने त्याचे घर तपासले गेले. हाती फारसे काही लागले नाही. जहागिरीचे उत्पन्न सैन्यावर आणि दानधर्मावर खर्च होई. स्वतःचा रोजचा खर्च तो परदेशातून आणलेल्या मूळ भांडवलाच्या व्यापारातून भागवत असे. सुलतानाला पश्चात्ताप झाला, पण वर्षभरातच तोही वारला. महमूदने बांधलेला तोल सुटला. त्याच्या पदरी वाढलेला युसुफ आदिलखान विजापुरात स्वतंत्र झाला. कटाच्या सूत्रधाराचा मुलगा अहमद याने अहमदनगरची निजामशाही उभारली. बहमनी राज्याचे पुढे पाच तुकडे झाले. गोवा आदिलशाहीकडे गेला आणि १५१० मध्ये पोर्तुगीजांनी तो घेतला. अखंड दख्खनी राज्य किनाऱ्यावर उभे असते तर ते घडले असते का, हा प्रश्न इतिहासात उत्तराविना राहतो. पटावर मात्र तो मांडून पाहता येतो.

बिदरच्या बाहेर महमूदची साधी कबर आहे. जवळच बहमनी सुलतानांचे भव्य घुमट उभे आहेत. तिच्यावर तसा घुमट नाही.

छोटे सैनिक रंगवणाऱ्या, डोंगर कापणाऱ्या हातांना या चरित्रातून एक गोष्ट उमजते. घाट, रान, खंदक, सुरुंग हे सगळे लाकूड-भुशात उभारता येते आणि त्यांचे नियमही लिहिता येतात. महमूदला या कशानेही हरवले नाही. ज्याने हरवले तो कोरा कागद आणि त्यावरचा शिक्का टेबलावर ठेवायचा, तर त्यासाठी जागा कुठे आहे? तो खेळाच्या नियमांत बसत नाही. म्हणूनच खेळ संपल्यावर, सैनिक डब्यात भरून झाल्यावर, त्याचा विचार करायला हवा. राज्य रणात टिकते, पण ते राखण्यासाठी आरोप तपासून पाहणारा कोणीतरी दरबारात असावा लागतो. १४८१ च्या त्या छावणीत असा एकही माणूस नव्हता.