दोन नळ्यांच्या रेग्युलेटरमागचा नौदल अधिकारी

कॅडेट मित्रांनो, जाक-ईव कुस्तो हे नाव तुमच्या पालकांनी नक्की ऐकले असेल. डोक्यावर लाल लोकरी टोपी घालून ‘कॅलिप्सो’ जहाजावरून समुद्राचे माहितीपट काढणारे ते फ्रेंच गृहस्थ. मी मात्र त्यांच्यापर्यंत दुसऱ्या वाटेने पोहोचलो. नौदलात पाणबुड्या म्हणून नोकरी केली, निवृत्तीनंतर मैलापूरला घर केले आणि जुने रेग्युलेटर उघडून दुरुस्त करण्याचा छंद लागला. ज्या यंत्राचा एकेक स्क्रू आपण खोलतो, ते घडवणाऱ्या माणसाविषयी कुतूहल वाटणारच.

कुस्तो यांचा जन्म ११ जून १९१० रोजी बोर्दो शहराजवळच्या एका गावी झाला. १९३० मध्ये ते फ्रान्सच्या नौदल अकादमीत दाखल झाले. त्यांना नौदलाचे वैमानिक व्हायचे होते. १९३६ मध्ये मोटार अपघातात त्यांचे हात जबर जायबंदी झाले आणि विमानाचे स्वप्न तिथेच संपले. हातात पुन्हा ताकद यावी म्हणून ते तुलोनच्या समुद्रात पोहू लागले. फिलिप तायिए या सहकारी अधिकाऱ्याने त्यांना पाण्यात घालायचा चष्मा दिला. तो लावून त्यांनी पाण्याखाली पाहिले आणि पुढचे सारे आयुष्य त्या दिशेने वळले.

अडचण होती श्वासाची. पाण्यात दर १० मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. छातीवर जेवढा दाब, तेवढ्याच दाबाची हवा मिळाली तरच फुप्फुसे ती ओढू शकतात. कुस्तो यांनी आधी शुद्ध ऑक्सिजनची उपकरणे वापरून पाहिली. थोड्याच खोलीवर ऑक्सिजन विषारी ठरला, त्यांना झटके आले आणि जीव थोडक्यात वाचला.

१९४२ च्या डिसेंबरात ते पॅरिसला एमिल गान्यां या अभियंत्याला भेटले. कुस्तो यांचे सासरे ज्या वायू-उद्योगात अधिकारी होते, तिथेच गान्यां काम करत. युद्धात पेट्रोलची टंचाई होती. मोटारी गॅसवर चालवता याव्यात म्हणून गान्यां यांनी एक छोटी झडप बनवली होती. इंजिनाला लागेल तेवढाच गॅस ती सोडत असे. माणसालाही लागेल तेवढीच हवा हवी होती. ही कल्पना अगदी नवी नव्हती. १८६० च्या दशकात रूकेरोल हे खाण अभियंते आणि देनेरूझ हे नौदल अधिकारी यांनी अशी झडप केली होती. पण तेव्हा इतक्या दाबाची हवा साठवणारे सिलिंडर नव्हते.

जानेवारी १९४३ मध्ये मार्न नदीच्या थंड पाण्यात कुस्तो स्वतः चाचणीसाठी उतरले. आडवे पोहताना उपकरण ठीक चालले. उभे राहिले की हवा आपोआप उधळून जाई, डोके खाली केले की श्वास ओढणे जड होई. कारण साधे होते. हवा सोडणारी झडप पाठीवर आणि उच्छ्वास बाहेर पडण्याची जागा तोंडाजवळ होती, म्हणून दोघांवरच्या पाण्याच्या दाबात फरक पडत होता. मग दुसरी नळी जोडून उच्छ्वासही पाठीवरच्या रबरी पडद्याशेजारी नेला. जुन्या रेग्युलेटरला दोन नळ्या असतात त्या यासाठी. त्याच वर्षी जूनमध्ये भूमध्य समुद्रात हे उपकरण यशस्वी ठरले. पहिल्या मॉडेलचे नाव ‘सीजी ४५’. त्यात कुस्तो आणि गान्यां या दोघांचीही आद्याक्षरे आहेत.

युद्धानंतर तायिए, कुस्तो आणि द्यूमा यांच्या नौदल पथकाने या उपकरणाच्या साहाय्याने समुद्रातले सुरुंग काढले. १९४७ मध्ये पथकातले मोरीस फार्ग विक्रमी खोली गाठताना सुमारे १२० मीटरपर्यंत गेले आणि दगावले. एवढ्या दाबाखाली हवेतला नायट्रोजन मेंदूला गुंगी आणतो. यंत्राला मर्यादा असते तशी शरीरालाही असते, याची किंमत त्या पथकाने अशी मोजली.

मैलापूरची खारी हवा आणि उन्हाळा रबराचे वैरी आहेत. म्हणून नळी ताणून तिच्या वळ्यांमधल्या भेगा पाहाव्या लागतात, पडदा उजेडासमोर धरून सुईएवढे भोक शोधावे लागते. उच्छ्वासाची चपटी रबरी झडप कडक झाली असेल तर ती बदलायचीच. बारीक गाळणी हिरवट दिसली तर आत ओल शिरली आहे, तांबूस दिसली तर सिलिंडर गंजतो आहे. पितळी भाग पातळ केलेल्या व्हिनेगरमध्ये थोडा वेळ ठेवून गोड्या पाण्याने धुवायचे. खनिज तेल किंवा साधे ग्रीस मी कधीच लावत नाही, कारण जास्त दाबाच्या हवेत ते पेटू शकते. शेवटी हवा बंद ठेवून तोंडाने ओढून पाहायचे. थोडीही हवा आत आली तर कुठेतरी गळती आहे आणि काम पुन्हा पहिल्यापासून.

१९५६ च्या कुस्तो यांच्या चित्रपटाला कान महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार आणि ऑस्कर मिळाले. त्याच चित्रपटात प्रवाळात सुरुंग फोडणे आणि शार्क मारणेही आहे. पुढे हेच कुस्तो समुद्राचे रक्षक झाले. १९६० मध्ये भूमध्य समुद्रात किरणोत्सारी कचरा टाकण्याच्या बेताविरुद्ध ते उभे राहिले. १९७९ मध्ये धाकटा मुलगा फिलिप विमान अपघातात गेला, तरी त्यांचे काम थांबले नाही. २५ जून १९९७ रोजी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले आणि जन्मगावीच दफन झाले.

तुमच्यातल्या काहींना उद्या वैद्यकीय तपासणीत उड्डाणासाठी नकार मिळेल. त्या दिवशी फार वाईट वाटेल आणि ते वाटू द्यावे. एवढेच लक्षात ठेवा की कुस्तो तुलोनच्या समुद्रात पोहू लागले ते मोडलेले हात बरे करण्यासाठी.