वायफाय बदललं की चालू कॉल का तुटतो? उत्तर जॉन पोस्टेल नावाच्या दाढीवाल्या माणसाकडे आहे

घरी बसून मीटिंग जॉईन केली. मग ती तशीच चालू ठेवून लॅपटॉप हातात घेतला, लिफ्टने खाली आलात आणि मोबाईलचा हॉटस्पॉट सुरू केला. कोपऱ्यातल्या वायफायच्या दांड्या फुल्ल. आणि स्क्रीनवर बॉसचा चेहरा, तोंड अर्धवट उघडं ठेवून गोठलेला.

रेंज आहे, डेटा पॅक आहे, मग गंडलं कुठं?

माझं हे नोकरीच्या पहिल्याच महिन्यात झालं. मी सगळा दोष हॉटस्पॉटला देऊन मोकळी झाले. बिचाऱ्याचा काही संबंध नव्हता. खरं कारण १९८१ सालच्या काही कागदांमध्ये आहे आणि त्या कागदांवर संपादक म्हणून नाव आहे जॉन पोस्टेल.

जॉनचा जन्म ६ ऑगस्ट १९४३ चा, कॅलिफोर्नियातल्या अल्टाडीनाचा. शाळा व्हॅन नाईज हायस्कूल. गंमत बघा, इंटरनेटच्या जन्मदात्यांमध्ये गणले जाणारे व्हिंट सर्फ आणि स्टीव्ह क्रॉकरही याच शाळेचे. पुढे तिघंही यूसीएलए विद्यापीठात भेटले.

१९६९ मध्ये अमेरिकन संरक्षण खात्याच्या पैशातून अर्पानेट हे नेटवर्क सुरू झालं. त्याचं पहिलं केंद्र यूसीएलएमध्येच होतं. कॉम्प्युटरनी एकमेकांशी बोलायचं कसं, याचे नियम ही पोरं स्वतःच लिहीत होती. त्या टिपणांना नाव पडलं आरएफसी. पहिलं टिपण क्रॉकरने लिहिलं, पण ती सगळी नीट करून, क्रमांक देऊन, जपून ठेवायचं काम जॉनने अंगावर घेतलं. ते त्याने मरेपर्यंत, म्हणजे जवळपास २९ वर्षं केलं.

सोबत आणखी एक कंटाळवाणं काम त्याच्याकडे आलं. कोणत्या नेटवर्कला कोणता नंबर दिला, याची नोंद ठेवायची. एकच नंबर दोघांना गेला तर सगळा घोळ. कुणालाच नको असलेलं हे काम त्याने असं काही सांभाळलं, की जगभरचं इंटरनेट त्याच्या याद्यांवर चालायला लागलं.

लांब दाढी, पायात सँडल, बोलणं कमी. दिसायला साधू, कामाला तलाठी.

१९७७ मध्ये तो सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या आयएसआय या संस्थेत आला. तेव्हा डेटा पाठवायचा नियम एकच होता, टीसीपी. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जॉनने एक टिपण लिहून त्यावर बोट ठेवलं. त्याचं म्हणणं, हा एकच नियम दोन वेगळी कामं करतोय, त्याचे दोन तुकडे करा. आणि ते झाले.

आयपी हा पोस्टमन. पाकिटावरचा पत्ता बघायचा आणि पुढे ढकलायचं, बस्स. टीसीपी हा कडक हेडक्लार्क. किती पानं निघाली, किती पोचली, कुठलं राहिलं, ते परत मागव, असा हिशेब ठेवणारा. सप्टेंबर १९८१ मध्ये या दोघांचे नियम जॉनच्या संपादनाखाली आले, आरएफसी ७९१ आणि ७९३. त्यातच त्याने एक प्रसिद्ध सल्लाही दिला. आपण पाठवताना काटेकोर राहायचं आणि समोरच्याकडून घेताना त्याच्या बारीकसारीक चुका पोटात घालायच्या.

आता तुमच्या कॉलकडे या.

टीसीपी चालू संभाषण ओळखतो चार आकड्यांवरून. तुमचा पत्ता, तुमचा पोर्ट, समोरच्याचा पत्ता, समोरच्याचा पोर्ट. यातला एक जरी बदलला तरी त्याच्या लेखी तुम्ही अनोळखी. घरच्या वायफायवर बाहेरच्या जगाला दिसणारा तुमचा पत्ता वेगळा, हॉटस्पॉटवरचा वेगळा. मीटिंगचा सर्व्हर मात्र काही काळ जुन्याच पत्त्यावर डेटा पाठवत राहतो. रूम सोडून सहा महिने झाले तरी जुन्या घरमालकाकडे आपली पत्रं येत राहतात ना, तसंच.

थोडक्यात, तुम्ही कुठं आहात यालाच तुम्ही कोण आहात असं मानलं गेलं. हा निर्णय एकट्या जॉनचा नव्हता, पण पक्का कागद त्याच्या हातून झाला.

मग त्यांना हलता कॉम्प्युटर सुचलाच नव्हता? सुचला होता की. २२ नोव्हेंबर १९७७ ला सॅन फ्रान्सिस्कोजवळ एक व्हॅन रस्त्यावरून फिरत होती आणि तिच्यातून रेडिओने निघालेला डेटा तीन वेगवेगळ्या नेटवर्कमधून प्रवास करून जॉनच्याच आयएसआय संस्थेपर्यंत पोचला. पण ती व्हॅन एकाच रेडिओ नेटवर्कच्या आत फिरत होती. ऑफिसच्या एकाच वायफायवर पहिल्या मजल्यावरून तिसऱ्यावर गेलात तर कॉल सहसा टिकतो, त्यातला हा प्रकार. एक नेटवर्क सोडून दुसऱ्यात उडी मारणारा कॉम्प्युटर फार कुणाच्या डोळ्यासमोर नव्हता. १९८१ मध्ये बाजारात आलेला ऑस्बोर्न हा उचलून नेता येणारा कॉम्प्युटर ११ किलोचा होता. तो घेऊन कोण लिफ्टमध्ये मीटिंग करणार?

पण जॉनने त्याच महिन्यात तिसरा कागदही दिला, आरएफसी ७९२. बिघाड झाला तर नेटवर्कने तो कळवायचा कसा, याचे नियम. कुणी आहे का पलीकडे, अशी हाक मारायची सोयही त्यात होती. त्यावरच माईक म्यूसने डिसेंबर १९८३ मध्ये पिंग हा छोटा प्रोग्रॅम लिहिला. तुमच्या लॅपटॉपमध्ये तो आजही आहे.

तर नेटवर्क बदलल्यावर अडकलात, की आधी लॅपटॉपला मिळालेला आयपी पत्ता बघा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर नव्या नेटवर्कने तुम्हाला पत्ताच दिलेला नाही. वायफाय बंद करून पुन्हा जोडा. पत्ता ठीक असेल तर आधी राउटरला पिंग करा, मग बाहेरच्या एखाद्या आकडी पत्त्याला, उदाहरणार्थ ८.८.८.८. आकड्याला उत्तर येतंय पण वेबसाईटच्या नावाला नाही? मग घोळ डीएनएसचा, म्हणजे नावाचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेचा. ऑफिससाठी हाताने टाकलेली डीएनएस सेटिंग घरी येऊन काढायची राहते, हे फार वेळा होतं. हॉटेल किंवा कॅफेत असाल तर ब्राउझर उघडून लॉगिनचं पान वाट बघत नाहीये ना, ते बघा. काही ऑफिसं पिंगच अडवतात, त्यामुळे उत्तर नाही म्हणजे नेट मेलंच, असं धरू नका.

आणि सगळं ठीक असूनही फक्त तो कॉल किंवा व्हीपीएनच गोठलाय? मग राउटरला चापट्या मारू नका. हेडक्लार्क जुन्या पत्त्यावर अडकलाय. मीटिंगमधून बाहेर पडा, परत जॉईन व्हा.

डीएनएससुद्धा जॉनच्याच आग्रहातून आलं. त्याने आयएसआयमधल्या पॉल मोकापेट्रिसला हे काम दिलं आणि १९८३ मध्ये ते कागदावर आलं. देशांच्या नावांच्या नोंदीही जॉनकडेच. भारताचं डॉट इन ८ मे १९८९ ला नोंदलं गेलं. ते नाव २००५ पर्यंत मुंबईतली एनसीएसटी ही संस्था सांभाळायची. कोणता भूभाग देश आणि कोणता नाही, या वादात जॉन पडलाच नाही. आंतरराष्ट्रीय मानकाच्या यादीत आहे तो देश, विषय संपला.

एवढं सगळं एका माणसाच्या भरवशावर? हाच प्रश्न अमेरिकन सरकारला पडला, कारण नव्वदच्या दशकात डोमेनमध्ये पैसा आला होता. २८ जानेवारी १९९८ ला जॉनने रूट सर्व्हर चालवणाऱ्यांना ईमेल केला, की मुख्य यादी यापुढे माझ्या मशीनवरून घ्या. आठ जणांनी निमूट ऐकलं. सरकारचे सल्लागार आयरा मॅगझिनर यांनी जाब विचारल्यावर जॉनने ही चाचणी होती असं सांगून सगळं पूर्ववत केलं. मला विचाराल तर ती नुसती चाचणी नव्हती. सरकारी कागदाशिवायही आपल्या शब्दावर इंटरनेट हलतं, हे दिसलं आणि दाखवलंही गेलं.

त्याच वर्षी ३० सप्टेंबरला हे काम सांभाळायला आयकॅन ही संस्था स्थापन झाली. १६ ऑक्टोबरला, हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीत जॉन गेला. वय ५५.

तुटणाऱ्या कॉलवरचा तोडगा त्याच्या पश्चात आला. मे २०२१ मध्ये क्विक हा नियम प्रमाण झाला. त्यात जोडणीला पत्त्यापासून वेगळा असा स्वतःचा ओळख क्रमांक असतो, त्यामुळे पत्ता बदलला तरी संभाषण टिकू शकतं. तो चालतो यूडीपीवर आणि यूडीपीचा तीन पानी नियम ऑगस्ट १९८० मध्ये लिहिणारा होता जॉन पोस्टेल.

व्हिंट सर्फ यांनी मित्रावर लिहिलेला मृत्युलेख त्याच महिन्यात, जॉन आयुष्यभर जपत आला त्याच मालिकेत निघाला. इतर टिपणांसारखा त्यालाही क्रमांक आहे, आरएफसी २४६८.